बसून गाठलेली उंची

सदर : कर्तृत्वाच्या वाटा

इराणच्या उत्तर भागात, एका बाजूस एल्बुर्झ पर्वत आणि दुसऱ्या बाजूस कॅस्पियन समुद्र अशा हिरव्यागार पट्ट्यात चालूस नावाचे शहर आहे. १९८७ च्या सप्टेंबर महिन्यात तेथे जन्मलेला मोर्तझा मेहरझाद आज बैठ्या व्हॉलीबॉलमधील जगातील सर्वांत ओळखीचा खेळाडू आहे. रिओ, टोकियो आणि पॅरिस अशा लागोपाठ तीन पॅरालिम्पिक स्पर्धांत त्याच्या संघाने सुवर्णपदक मिळविले. त्याची उंची २४६ सेंटीमीटर, म्हणजे आठ फूट एक इंच आहे. पॅरालिम्पिकच्या इतिहासात इतका उंच खेळाडू दुसरा झालेला नाही.

एवढे वाचून कोणीही म्हणेल, अशी उंची लाभल्यावर जिंकण्यात नवल ते काय? प्रश्न रास्त आहे. परंतु हीच उंची अंगावर वागवीत त्याने तारुण्याची कित्येक वर्षे घराच्या चार भिंतींत काढली होती. त्या काळात ती त्याच्या कोणत्याही उपयोगाची नव्हती. उलट दाराबाहेर पाऊल टाकण्याची चोरी झाली ती तिच्यामुळेच. शरीर तेच राहिले आणि त्याचे मोल बदलले, हे कसे घडले, ते समजून घेणे आपल्यासारख्या कुटुंबवत्सल वाचकांस उपयुक्त ठरेल, असे वाटते.

शरीराचे ओझे

आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पीयूषिका ग्रंथी म्हणतात. शरीराची वाढ घडविणारे संप्रेरक तीच स्रवते. बहुधा या ग्रंथीवर आलेल्या साध्या, कर्करोगाच्या नसलेल्या गाठीमुळे हे संप्रेरक प्रमाणाबाहेर स्रवू लागते. हाडांची वाढ थांबण्यापूर्वी असे झाले, तर मूल अवाजवी उंच होत जाते. वाढ थांबल्यानंतर झाले, तर हात, पाय, जबडा, नाक हे अवयव रुंद व जाड होऊ लागतात. वैद्यकशास्त्र या विकारास ॲक्रोमेगली म्हणते. बोटातील अंगठी एकाएकी घट्ट होणे, पादत्राणांचे माप प्रौढपणीही वाढत जाणे, ही त्याची घरच्या माणसांना सहज दिसणारी लक्षणे होत. शस्त्रक्रिया व औषधे यांनी त्यावर इलाज होतो आणि तो जितका लवकर होईल तितका बरा. म्हणून अशी लक्षणे कोणाच्या पाहण्यात आली, तर संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

मेहरझादला हाच विकार होता. सोळाव्या वर्षीच तो सहा फुटांच्या वर गेला होता. त्यातच किशोरवयात सायकलवरून पडून त्याला गंभीर दुखापत झाली व कटिभागाचे हाड मोडले. त्या अपघातानंतर उजव्या पायाची वाढ खुंटली आणि डावा पाय मात्र वाढतच राहिला. कालांतराने दोन्ही पायांत सुमारे पंधरा सेंटीमीटरचा फरक पडला. चालण्यास कुबड्या लागू लागल्या, पुढे चाकाची खुर्ची आली.

शरीराच्या या यातनांहून मोठी यातना लोकांच्या नजरांची होती. ज्याला पाहण्यासाठी रस्त्यावरची माणसे थबकतात आणि मुले बोट दाखवितात, त्याला बाजारात जाणेही परीक्षेसारखे वाटू लागते. मेहरझादचे बाहेर जाणे हळूहळू थांबले. आपण त्या काळात एकाकी व खिन्न होतो, असे त्याने पुढे मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितले आहे.

बैठ्या खेळाची रीत

ज्या खेळाने त्याला बाहेर काढले, त्याची थोडी ओळख करून घेऊ. १९५६ मध्ये नेदरलँड्समध्ये जर्मन बैठा चेंडूखेळ आणि व्हॉलीबॉल यांचा मेळ घालून हा खेळ सिद्ध झाला. १९८० च्या आर्नेम येथील पॅरालिम्पिकपासून पुरुषांच्या आणि २००४ च्या अथेन्सपासून महिलांच्या स्पर्धा नियमित होऊ लागल्या.

नेहमीच्या व्हॉलीबॉलचे मैदान अठरा मीटर लांब व नऊ मीटर रुंद असते. बैठ्या खेळाचे दहा मीटर लांब व सहा मीटर रुंद. पुरुषांच्या खेळात जाळीची उंची १.१५ मीटर आणि महिलांच्या खेळात १.०५ मीटर ठेवतात. दोन्ही बाजूंस सहा-सहा खेळाडू जमिनीवर बसतात. चेंडूला हात लावतेवेळी नितंबांपासून खांद्यापर्यंतचा शरीराचा काही भाग जमिनीला टेकलेलाच पाहिजे, हा या खेळाचा मुख्य नियम आहे. तो मोडला, तर गुण प्रतिपक्षास जातो.

आपल्या जुन्या पेढ्यांवर शेठजी गादीवर लोडाला टेकून बसत आणि तेथूनच चार मुलखांचा व्यवहार सांभाळीत. बसलेला माणूस म्हणजे अडलेला माणूस, असे त्या काळी कोणाच्या मनातही येत नसे. या खेळातही बसणे हीच सर्वांची समान पातळी असते. एक पाय गमावलेला, दोन्ही पाय गमावलेला, पायांत बळ नसलेला, असे सारेच त्या पातळीवर एकमेकांसमोर येतात.

मात्र बसून खेळायचे म्हणजे सोपे, असा समज कोणी करून घेऊ नये. पायांचे काम येथे हातांनाच करावे लागते. तळहात जमिनीवर रेटून शरीर सरकवायचे आणि चेंडू येताच तेच हात वर उचलून तो खेळायचा. मैदान लहान असल्यामुळे चेंडू डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच अंगावर येतो. सरकण्यात क्षणाचा उशीर झाला, तर हात मोकळे होईपर्यंत चेंडू जमिनीला लागलेला असतो.

दोन युद्धांच्या खुणा

इराणमध्ये हा खेळ रुजला, त्याचे कारण दुःखद आहे. १९८० ते १९८८ अशी आठ वर्षे इराण व इराक यांच्यात युद्ध चालले. त्यात हातपाय गमावलेले असंख्य तरुण घरी परतले. त्यांच्यापैकी अनेकांना या खेळाने उमेद दिली. १९८८ च्या सेऊल पॅरालिम्पिकमध्ये इराणने पहिले सुवर्णपदक जिंकले आणि २००० पर्यंत लागोपाठ चार वेळा ते आपल्याकडे ठेवले.

त्यांची मक्तेदारी मोडली, ती अशाच दुसऱ्या एका जखमी देशाने. १९९२ ते १९९५ या काळात बॉस्निया यादवी युद्धात होरपळून निघाला. तेथील शेतांत व रानांत पेरलेल्या भूसुरुंगांनी कित्येकांचे पाय नेले. त्यांतील काही तरुण बैठ्या व्हॉलीबॉलकडे वळले आणि २००४ साली अथेन्स येथे, तसेच २०१२ साली लंडन येथे बॉस्नियाने अंतिम सामन्यात इराणला हरवून सुवर्णपदक पटकावले. गेल्या पाव शतकातील पॅरालिम्पिकचा बहुतेक प्रत्येक अंतिम सामना याच दोन देशांत झाला आहे.

इराणच्या संघाचे प्रशिक्षक हादी रेझाई हे स्वतः सुवर्णपदक मिळविलेल्या पिढीतील खेळाडू. २०११ मध्ये इराणी दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम झाला. ज्यांच्या शरीराची घडण सर्वसामान्यांहून वेगळी आहे, अशा व्यक्तींना त्यात बोलाविले होते. मेहरझाद त्यांतील एक होता. लक्षावधी प्रेक्षकांनी तो कार्यक्रम पाहिला असेल. कोणी हळहळले असेल, कोणी नुसते नवल केले असेल. रेझाई यांनी पाहिले ते वेगळे. या तरुणाने जमिनीवर बसून हात वर केला, तर तो जाळीच्या किती वर जाईल, याचा हिशेब त्यांच्या मनात सुरू झाला. त्यांनी त्याच्याशी संपर्क साधला आणि खेळण्यास पाचारण केले.

रत्नपारखी हा शब्द आपल्या समाजात अनोळखी नाही. पैलू न पाडलेल्या खड्याचे मोल ओळखणारा माणूस तो खडा भिंगाखाली धरतो, प्रकाशात फिरवतो. पण त्यासाठी खडा पेटीतून बाहेर आलेला असावा लागतो. मेहरझाद त्या कार्यक्रमास गेलाच नसता, तर रेझाई यांच्यासारख्या पारख्यालाही तो सापडला नसता. संकोच बाजूस सारून कॅमेऱ्यापुढे जाण्याचे धैर्य त्याने दाखविले, हा त्याच्या कारकिर्दीतील पहिला विजय मानावा लागेल.

पाच वर्षांची साधना

२०११ साली हाक आली आणि राष्ट्रीय संघात त्याचे पदार्पण झाले २०१६ च्या मार्च महिन्यात. मधली पाच वर्षे शिकण्यात गेली. नुसत्या उंचीवर भागत असते, तर इतका काळ लागला नसता. वर्षानुवर्षे हालचालीची सवय सुटलेल्या जड शरीराला सरकण्याचा वेग शिकवायचा होता, चेंडूच्या वेळेशी हाताची वेळ जुळवायची होती आणि एकट्याने राहण्याची सवय लागलेल्या मनाला संघात मिसळायला लावायचे होते. यांतले तिसरे काम सर्वांत अवघड असावे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिओ येथे अंतिम सामन्यात पुन्हा बॉस्निया समोर आला. त्या एका सामन्यात मेहरझादने अठ्ठावीस गुण मिळविले आणि आठ वर्षांनी सुवर्णपदक इराणकडे परतले. पुढे २०१८ व २०२२ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इराणने जिंकल्या. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकच्या अंतिम सामन्यात रशियन संघाचा आणि २०२४ मध्ये पॅरिस येथे पुनश्च बॉस्नियाचा पराभव करून इराणने आपल्या सुवर्णपदकांची संख्या आठवर नेली.

बसलेल्या स्थितीत मेहरझादचा हात जमिनीपासून सहा फुटांहून अधिक उंच पोहोचतो. जाळी पावणेचार फुटांची. तेव्हा त्याने वरून मारलेला चेंडू अडविणे जवळजवळ अशक्य होते. हे न्याय्य आहे काय, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. पण व्हॉलीबॉलमध्ये खेळाडूंच्या जागा क्रमाने फिरतात. पुढच्या फळीत तीन पाळ्या झाल्या, की मागच्या फळीत तीन पाळ्या काढाव्या लागतात आणि मागे असताना जाळीजवळ येऊन प्रहार करता येत नाही. शिवाय उंच देह सरकण्यात मंद असतो, हे प्रतिपक्षाला ठाऊक असते. तो चेंडू हलकेच पुढे टाकतो, कडेला ढकलतो, ज्याला सरकणे जड त्यालाच सरकायला लावतो. अशा वेळी बाजूचे सोबती धावून येतात, म्हणजे हातांवर सरकत येतात, आणि चेंडू वाचवितात. आलेली सर्व्हिस कोणी तरी नीट उचलावी लागते, दुसऱ्याने ती नेमक्या उंचीवर चढवावी लागते. तेव्हा कुठे मेहरझादचा हात कामी येतो. गुणफलकावर नाव एकाचे लागते, पण त्यामागे पाच जणांचे श्रम असतात. भागीदारीच्या धंद्यात मुरलेल्या वाचकांना याहून अधिक सांगणे नलगे.

एका पलंगाची गोष्ट

पॅरिसच्या स्पर्धेच्या वेळी एका बातमीने जगाचे लक्ष वेधून घेतले. क्रीडाग्रामात मेहरझादच्या मापाचा पलंग नसल्याने त्याला जमिनीवर झोपावे लागत आहे, असे रेझाई यांनी सांगितले. टोकियो येथे त्याच्यासाठी खास पलंग करण्यात आला होता. पॅरिसमधील गैरसोयीचे फारसे भांडवल न करता, त्याचे लक्ष विजेतेपदाकडे आहे, असेही प्रशिक्षकांनी सांगितले आणि तसेच घडले.

त्याच्या सोशिकतेचे कौतुक करावे तेवढे थोडे. तथापि, या घटनेकडे केवळ कौतुकाने पाहून पुढे जाता येणार नाही. दिव्यांगांसाठीच भरविलेल्या जगातील सर्वांत मोठ्या उत्सवात, दोन सुवर्णपदके नावावर असलेल्या खेळाडूची उंची आधीपासून ठाऊक असताना, एक पलंग राहून जातो. मग आपल्या घरात, दुकानात, धर्मशाळेत काय काय राहून जात असेल? टोकियोमध्ये जे जमले, त्यासाठी सुताराचे चार दिवसांचे काम आणि आधी विचारलेला एक प्रश्न पुरेसा होता : तुम्हाला काय लागेल?

आपल्या उंबरठ्याच्या आत

दिव्यांगांना साह्य करण्यात आपला समाज कधी मागे राहिलेला नाही. डी. आर. मेहता यांनी १९७५ मध्ये जयपूर येथे स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने जयपूर फूट लक्षावधी गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचविला. अशा शिबिरांसाठी गावोगावच्या व्यापाऱ्यांनी थैल्या मोकळ्या केल्या. परगावच्या अनोळखी माणसाला पाय मिळावा म्हणून देणगीची पावती फाडणारे हात आपलेच आहेत.

परंतु असे मूल स्वतःच्या घरात जन्माला आले, म्हणजे पुष्कळदा तोच हात दाराला कडी लावतो. थोरल्या मुलीचे लग्न ठरेपर्यंत धाकट्याला पाहुण्यांसमोर आणायचे नाही, परिचय-पत्रिकेत भावंडांच्या रकान्यात त्याचा उल्लेख टाळायचा, लग्नसमारंभाच्या वेळी त्याला आत्याकडे पाठवायचे, या गोष्टी ऐकिवात नाहीत असे कोण म्हणेल? आईबाप हे निष्ठुरपणे करीत नाहीत. सोयरीक मोडेल, चार लोक नावे ठेवतील, या भयापोटी करतात. त्या भयाला आधार आहे, हेही नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच केवळ आईबापांना बोल लावणे अन्यायाचे होईल. मुलीकडची किंवा मुलाकडची मंडळी म्हणून आपण ज्या दिवशी समोरच्या घरातील दिव्यांग भावंडाची आपुलकीने विचारपूस करू, त्या दिवशी त्या घरातील कडी निघण्यास आरंभ होईल.

महाराष्ट्राला या बाबतीत उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्याच जिल्ह्यातील सचिन खिलारी लहानपणी सायकलवरून पडला व त्याचा हात कायमचा अधू झाला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्याने १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक जिंकले. चालूसचा मेहरझाद आणि सांगलीचा खिलारी, दोघांच्याही आयुष्याला सायकलच्या अपघाताने वळण दिले आणि दोघेही एकाच स्पर्धेतून पदक घेऊन घरी गेले.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. प्रत्येक दिव्यांग मूल विजेता होणार नाही. जसे आपले धडधाकट मूलही प्रत्येक वेळी विजेते होत नाही. पदकाच्या आशेने त्याच्यावर नवे ओझे टाकणे हा दुसऱ्या प्रकारचा अन्याय होय. त्याने गल्ल्यावर बसावे, हिशेब शिकावा, भावंडांबरोबर सिनेमाला जावे, लग्नात पंगतीला बसावे, एवढे झाले तरी पुष्कळ झाले. मेहरझाद जिंकू लागला नसता, तरी त्याचे घराबाहेर येणे व्यर्थ गेले नसते. खेळामुळे आपले सारे जीवन पालटले, असे तो सांगतो, तेव्हा त्यात पदकाइतकाच वाटा सोबत्यांच्या सहवासाचा असावा.

या दृष्टीने बैठे व्हॉलीबॉल आपल्याकडेही सहज खेळता येण्याजोगे आहे. दहा मीटर लांब व सहा मीटर रुंद गुळगुळीत फरशी आपल्या बहुतेक मंगल कार्यालयांत असते. जाळी व चेंडू यांना फारसा खर्च नाही. अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यांत दिव्यांगत्वाचे निकष असले, तरी सरावाला व करमणुकीला धडधाकट भावंडे, मित्र, काका-मामा यांनी सोबत बसण्यास कोणतीच आडकाठी नाही. सारेच जमिनीवर बसले, की कोणाचा पाय अधू आहे, हे दहा मिनिटांत विसरले जाते आणि सराव नसलेल्या धडधाकट काकांचीच त्रेधा उडते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांना वावरता येतील अशा असाव्यात, हे बंधन घातले आहे. मंदिर, स्थानक, वाचनालय, धर्मशाळा यांचे विश्वस्त आपल्यापैकीच असतात. पुढील सभेत पायऱ्यांशेजारी उतार, भिंतीला कठडा आणि चाकाची खुर्ची जाईल एवढे रुंद स्वच्छतागृहाचे दार, या तीन गोष्टींचा ठराव मांडता येईल. तो मांडण्यापूर्वी गावातील ज्या घरांत असे मूल किंवा असे वृद्ध आहेत, त्या घरी जाऊन त्यांनाच विचारावे, की त्यांना काय लागेल. पुढचा समारंभ ठरला, म्हणजे त्यांच्या नावाची निमंत्रणपत्रिकाही स्वतंत्र द्यावी.